पाणी आहे, पण वारा कुठंय?

आधी कबुली देऊन टाकतो. माझा कॉम्प्युटर गार राहावा म्हणून मी साडेनऊ हजार रुपये मोजून त्याला लिक्विड कूलिंग बसवलं, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत त्याला गुदमरवून बंद पाडलं. तेही एकदा नाही, चार वेळा.

मे महिन्यातली गोष्ट. दिवसा ऑफिस, रात्री फ्रीलान्स असा माझा डबल रोल चालू आहे, हे या कॉलमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. एका आर्किटेक्टसाठी मी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू बनवतो. इमारत उभी राहण्याआधीच तिच्या लॉबीतून फेरफटका मारून आणणारी ती फिल्म असते ना, तीच. काम मजेचं आहे, पण मशीनचा जीव काढणारं. एक फिल्म रेंडर व्हायला सात-आठ तास लागतात. म्हणून रात्री अकराला लावायचं, झोपायचं आणि सकाळी चहासोबत तयार फिल्म बघायची, असा माझा हिशोब.

अडचण एकच होती. आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये माझं 'ऑफिस' बेडरूममध्येच आहे आणि त्याच बेडरूममध्ये आमची दहा महिन्यांची लेक झोपते. रात्री एकदा का कॉम्प्युटरचे पंखे घोंघावायला लागले की आधी लेक जागी, मग बायको जागी आणि शेवटी मी बाहेर! तेव्हा मी एक मास्टरप्लॅन आखला. सुताराला बोलावून टेबलाखाली कॅबिनेट बसेल एवढा प्लायवूडचा कप्पा करून घेतला. मागे प्लाय, पुढे दार, वर सनमायका. वायरी जायला मागे मुठीएवढं भोक. आत मशीन ठेवायचं आणि दार लोटून द्यायचं. शिवाय लिक्विड कूलिंग बसवलंय म्हटल्यावर पुढच्या तीन पंख्यांचं काय काम? काढले प्लग. शांतता! बायकोसुद्धा म्हणाली, ''सॉलिड आयडिया आहे.''

सॉलिड आयडिया पहिल्याच मोठ्या कामाला रात्री दोन वाजता फस्स झाली. सकाळी चहा घेऊन आलो तर स्क्रीन काळी. फिल्म ३८ टक्क्यांवर लटकलेली. दुसऱ्या रात्री ४१ टक्के. तिसऱ्या रात्री मी जागाच राहिलो. आधी स्पीड हळूहळू उतरत गेला आणि मग एक बारीक 'टक्' आवाज होऊन सगळं बंद. चौथ्या रात्रीनंतर आर्किटेक्टसाहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ''सोमवारी सकाळी क्लायंट मीटिंग आहे. जमत नसेल तर आजच सांगा, मी दुसरीकडे देतो.'' ओरडले असते तर परवडलं असतं.

ज्या दुकानातून सगळं घेतलं होतं तिथे फोन लावला. पलीकडून तज्ज्ञांचं मत एका मिनिटात आलं, ''पंप गेला असणार सर. नाहीतर रेडिएटर छोटा पडतोय. मोठा टाका, साधारण पंधरा हजारांत होऊन जाईल.''

आणि याच सुमारास आमच्याकडे बाबा आलेले होते.

'हे तापलंय रे...'

बाबा अकोल्याचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं मेकॅनिक होते, आता रिटायर्ड. नातीसाठी महिनाभर राहायचं असं ठरवून आले होते. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या हाताला काम नाही. नळ गळत नाही, पंखा खरखरत नाही, गाडी शोरूमवाला येऊन घेऊन जातो. आल्यापासून दोनदा त्यांनी टेबलाच्या दारावर हात ठेवून म्हटलं होतं, ''हे तापलंय रे बाबू.'' दोन्ही वेळा मी मान वर न करता उत्तर दिलं होतं. दुसऱ्यांदा तर चक्क म्हणालो, ''बाबा, आत पाणी आहे. ते वेगळं असतं, तुम्हाला नाही कळायचं.''

ते काही बोलले नाहीत. गॅलरीत जाऊन पेपर वाचत बसले. त्या दिवशी जेवताना सहज म्हणावं तसं त्यांनी विचारलं, ''रविवारच्या गाडीचं तिकीट मिळते का बघ.''

मी तेव्हाही पंधरा हजारांच्याच विचारात होतो. शनिवारी सकाळी, दुकानात जायच्या आधी, मी मशीन कप्प्यातून ओढून जमिनीवर घेतलं आणि बाजूची काच काढली. बाबा मागे येऊन उभे राहिले. दोन नळ्या, वरच्या बाजूला बसवलेली ती चपटी जाळी, तिच्याखालचे दोन पंखे. दहा सेकंद बघितलं असेल त्यांनी.

''हे तं रेडिएटर आहे,'' ते म्हणाले.

''हो.''

''मंग याले वारा कुठून येते?''

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बॉस, खरं सांगतो, साडेनऊ हजार खर्च करताना हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पाणी म्हणजे नुसता हमाल

'लिक्विड कूलिंग' हे नावच थोडं फसवं आहे. ऐकलं की वाटतं, पाणी सगळं गार करून टाकतं. प्रत्यक्षात पाणी काहीच गार करत नाही. ते फक्त उष्णता उचलतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं. प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसतो, त्यातून पाणी फिरतं, उष्णता घेतं, नळीतून रेडिएटरमध्ये जातं. तिथे पातळ पत्र्यांच्या शेकडो पापण्या असतात. त्यांच्यामधून पंख्याची हवा जाते आणि ती हवा उष्णता बाहेर घेऊन जाते. शेवटचं काम हवेचंच. बाबांच्या शब्दांत, ''पाणी तं निस्ता हमाल आहे. गरमी उचलते अन् जाळीपाशी आणून टाकते. पुढचं काम वाऱ्याचं.''

हमाल मात्र तगडा आहे, यात वाद नाही. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जवळपास ४,२०० ज्यूल लागतात. एक लिटर हवेला फक्त एकाच्या थोडंसं वर. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेऊ शकतं. म्हणूनच बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून प्रोसेसरची सगळी धग निघून जाते. पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. जाळीपाशी उतरवलेलं तेच ओझं आता हवेला उचलायचंय, आणि हवा हा अगदी किडकिडीत गडी आहे. त्यामुळे हवा लागते ती भरपूर, आणि सतत नवी.

किती? हिशोब घरगुती आहे. माझा प्रोसेसर रायझन ९ ७९००एक्स. कागदावर १७० वॉटचा, पण जोर लावला की २३० पर्यंत जातो. आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणखी २०० वॉटचं. दोन्ही रेंडरला लागले की ढोबळमानाने ४०० वॉट धरा. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. कॅबिनेटमधून जाणारी हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला साधारण ३५ लिटर हवा आरपार जायला हवी. पंख्यांच्या खोक्यावर जे सीएफएम लिहिलेलं असतं, त्या भाषेत ७५च्या आसपास. आणि खोक्यावरचा आकडा असतो मोकळ्या मैदानातला. पुढे काच, फिल्टर, रेडिएटरची जाळी असे अडथळे आले की तो बराच खाली येतो.

आता माझा मास्टरप्लॅन आठवा. सुताराच्या कप्प्यात असेल २०० लिटर हवा. ती बाहेर जात नाही, नवी आत येत नाही. ४०० वॉटच्या हिशोबानं एवढी हवा १० अंशांनी तापायला कागदावर सहा सेकंद पुरतात! प्रत्यक्षात प्लायवूड, पत्रा, फटी हे सगळे थोडी थोडी धग खातात म्हणून वेळ लागतो. पण दिशा तीच. रेडिएटर गरम हवा वर सोडत होता, ती सनमायक्याला आपटून खाली येत होती आणि तोच रेडिएटर तीच हवा परत ओढत होता. हमाल ओझं उतरवतोय, आणि मागून कुणीतरी तेच ओझं पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवतंय.

हे नवीन नाही बरं का. क्रे-२ हा सुपरकॉम्प्युटर १९८५ साली आला, तेव्हा त्याची सर्किट्स चक्क फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली होती. पण त्या द्रवातली उष्णता पुढे गार पाण्याला द्यावी लागायचीच. आपल्या पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली बसलेला 'परम ब्रह्म'ही लिक्विड कूल्ड आहे. घरच्या टेबलाजवळचं उदाहरण हवं असेल तर ॲपलचा पॉवर मॅक जी-५ घ्या. २००३च्या मॉडेलमध्ये कॅबिनेटचे हवेसाठी चार वेगळे विभाग पाडले होते आणि नऊ पंखे होते. २००४ मध्ये त्याच्या सर्वांत वेगवान मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं, पण म्हणून पंखे हद्दपार झाले नाहीत. पाणी आलं की पंख्याला सुट्टी, हा शोध फक्त माझा.

ज्यांना कुणी विचारत नाही

यातला खरा झोल मला त्या शनिवारी कळला. आपण सगळे प्रोसेसरच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. पण कॅबिनेटमध्ये तापणारा तो एकटाच नसतो.

प्रोसेसरवर बसणारा जुन्या पद्धतीचा पंखेवाला कूलर आठवा. तो दिसायला बोजड, पण त्याची हवा आजूबाजूलाही सांडते. प्रोसेसरच्या शेजारी व्हीआरएम असतात, म्हणजे १२ व्होल्टचं एक-सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला भरवणारे पुर्जे. त्यांना ही सांडलेली हवा मिळते, रॅमला मिळते, जवळ बसलेल्या एसएसडीला मिळते. फुकटात! लिक्विड कूलिंग बसवलं की प्रोसेसरवर फक्त एक छोटासा, चकचकीत ठोकळा उरतो. प्रोसेसर मजेत, पण शेजाऱ्यांचा वारा तुटला. काही कंपन्यांना हे उमजलंय. आर्क्टिकनं २०१९च्या लिक्विड फ्रीझर २ मध्ये पंपाच्या ठोकळ्यावरच एक चिमुकला पंखा बसवला, तो खास व्हीआरएमसाठी.

मग ग्राफिक्स कार्ड. त्याचे स्वतःचे पंखे असतात, पण ते गरम हवा कुठे टाकतात? बहुतेक सगळी कॅबिनेटच्या पोटातच. ती वर चढते आणि वर कोण बसलंय? आपला रेडिएटर! म्हणजे प्रोसेसरचं पाणी गार करायला माझा रेडिएटर ग्राफिक्स कार्डची उष्टी हवा वापरत होता.

आणि तळाला बसलेला पॉवर सप्लाय. तो खालच्या बाजूनं हवा ओढतो. माझ्या कप्प्यात खाली प्लायवूड आणि आजूबाजूला भट्टी. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अति तापल्यावर स्वतःला बंद करून घ्यायची सोय असते. तो 'टक्' बहुधा त्याचाच होता. मी ज्याला बिघाड समजत होतो, ते बिचाऱ्यानं जीव वाचवणं होतं.

मशीन परत कप्प्यात ढकललं, रेंडर लावला आणि अर्ध्या तासानं आकडे वहीत उतरवले. खोलीत ३४ अंश. प्रोसेसर ९५, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेवर टेकलेला. ग्राफिक्स कार्ड ८४. एसएसडी ७९, आणि एवढ्या तापमानाला ती जीव मुठीत धरून हळू चालायला लागते. लूपमधलं पाणी ५७. पंप? व्यवस्थित फिरत होता. ५७ अंशांचं पाणी घेऊन इमानेइतबारे फिरत होता.

उदबत्ती आणि अकोल्याचा कूलर

बाबांनी देवघरातून एक उदबत्ती आणली. पेटवली आणि कप्प्याच्या दाराच्या फटीपाशी, बाहेरच धरली. धूर सरळ वर गेला. आत ओढलाच जात नव्हता. मागच्या मुठीएवढ्या भोकापाशी धरली तर धूर थोडा आत, थोडा बाहेर, गोंधळलेला.

''आपल्या घरचा कूलर आठवते का तुले?'' बाबा म्हणाले.

न आठवायला काय झालं? विदर्भात लहानपण गेलेल्या कुणाला कूलर आठवत नाही? मार्चअखेर माळ्यावरून उतरणारा तो पत्र्याचा डबा, त्यात भरलेल्या नव्या ताट्यांचा वास, खिडकीत त्याला बसवताना होणारी आरडाओरड. आणि आम्ही पोरं हमखास करायचो ती चूक. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून समोरचं दार गच्च लावून घ्यायचो. पंधरा मिनिटांत खोलीत नुसती चिकचिक. मग बाबा यायचे, दार वीतभर उघडायचे आणि म्हणायचे, ''हवा बाहीर जाईन तवाच नवी आत येईन ना.''

कूलरमध्ये पाण्याचं बाष्प होऊन गारवा मिळतो, कॉम्प्युटरच्या लूपमध्ये तसं काही होत नाही. विज्ञान वेगळं. पण दाराची गोष्ट तीच.

मग एसटीचे किस्से निघाले. चिखलदऱ्याच्या घाटात गाडी तापली की ड्रायव्हर आधी पाणी ओतणार. वर्कशॉपमध्ये आली की म्हणणार, रेडिएटर बदला. ''अन् आम्ही आधी काय बघो? फॅनचा पट्टा ढिला आहे का, अन् जाळीत गवत-धूळ भरली का. धा गाड्यांतून बऱ्याच गाड्या तेवढ्यावरच ठीक व्हायच्या.'' माझ्या मशीनच्या तळाचा फिल्टर त्यांनी ओढून काढला. वाकडमध्ये चौफेर बांधकामं चालू, त्यामुळे फिल्टरवर करड्या रंगाची गोधडीच तयार झाली होती. तो धुवायला ते बाथरूममध्ये गेले तेव्हा मला जाणवलं, आल्यापासून पहिल्यांदाच बाबा गुणगुणत होते.

मग केलं काय?

सांगतो, कारण यात फारसा खर्च नाही.

मशीन कप्प्यातून कायमचं बाहेर. आता ते टेबलाच्या बाजूला उभं असतं, मागे वीतभर जागा सोडून. कॅबिनेटच्या तोंडावरची काच काढली. तिच्या कडेला हवेसाठी बोटभर फट होती, त्यातून तीन पंखे ओढून ओढून किती ओढणार? काचेमागे रंगीत दिवे छान दिसायचे हे मान्य, पण दिव्यांनी रेंडर होत नाही. तिथे चुंबकानं चिकटणारा जाळीचा फिल्टर लावला, तीनशे रुपये. पुढचे तिन्ही पंखे परत जोडले, हवा आत घ्यायला. रेडिएटर वरच ठेवला, हवा बाहेर टाकायला. मागचा पंखाही बाहेर टाकणारा, पण हळू. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली, म्हणजे फटीफटींतून धूळ ओढली जात नाही; जे येतं ते फिल्टरमधूनच येतं.

रेडिएटर पुढे लावावा की वर, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. फंडा सिंपल आहे. पुढे लावला तर त्याला खोलीतली ताजी हवा मिळते, प्रोसेसर जास्त गार, पण तीच तापलेली हवा आत शिरते आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येते. वर लावला तर ग्राफिक्स कार्डाला ताजी हवा आणि रेडिएटरला आतली कोमट. तुमचं कोणतं काम जास्त, त्यावर ठरवा. माझ्या रेंडरचा जास्त भार ग्राफिक्स कार्डावर, म्हणून रेडिएटर वर. मात्र एक पथ्य दोन्हीकडे पाळा. पंप हा लूपमधला सगळ्यात उंच बिंदू असता कामा नये. लूपमध्ये थोडीशी हवा असतेच, ती वर जाऊन बसते. पंपात बसली तर खरखर सुरू आणि पंपाचं आयुष्य कमी.

आता आवाजाचं काय? मुळात लेक झोपावी म्हणूनच तर सगळा घाट घातला होता! इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. पंख्याचा स्पीड निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. उलट, तसाच आणखी एक पंखा वाढवला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे शांतता हवी असेल तर पंखे काढायचे नसतात, वाढवायचे असतात, आणि हळू फिरवायचे असतात. मी नेमकं उलटं केलं होतं. तीन बंद केले, म्हणून उरलेले तीन जीव तोडून धावत होते.

शेवटची करामत सॉफ्टवेअरची. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाशी जोडलेला होता. प्रोसेसर क्षणात ६० तर क्षणात ८५, त्यामुळे पंखेही सतत घूंऽऽ करत वर-खाली. माझ्या मॉडेलमध्ये पाण्याचं तापमान दिसतं, तेव्हा पंखे त्याला जोडले. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, त्यामुळे पंख्यांचा एकच संथ सूर लागतो. त्या सुरात लेक चक्क जास्त चांगली झोपते, असं बायकोचं निरीक्षण आहे.

रात्री तोच रेंडर पुन्हा लावला. खोलीत तेच ३४ अंश. प्रोसेसर ८२, ग्राफिक्स कार्ड ७१, एसएसडी ६१, पाणी ४६. नवा रेडिएटर नाही, पंप तोच. पंधरा हजारांऐवजी तीनशे रुपये आणि एक उदबत्ती. खोली मात्र तापतेच हं. ४०० वॉट म्हणजे बेडरूममध्ये चार पाहुणे बसवल्यासारखं. खिडकी उघडी ठेवावी लागते. ती धग शेवटी कुठेतरी जायलाच हवी, तिला घराबाहेर काढणारा पंखा कुठल्याच कॅबिनेटमध्ये मिळत नाही.

रविवारची गाडी

रविवारी सकाळी साडेसहाला उठलो तर बाबा आधीच उठून मशीनसमोर स्टुलावर बसलेले. एक हात कॅबिनेटच्या मागे धरून. जसा गाडीच्या बॉनेटपाशी धरतात तसा.

''निघते गरम हवा,'' म्हणाले. ''बरोबर निघते.''

स्क्रीनवर १०० टक्के. सोमवारच्या मीटिंगआधी फिल्म पोचली. आर्किटेक्टसाहेबांचा मेसेज एका शब्दाचा होता, ''गुड.'' पुढचं काम मिळालंय, म्हणजे ठीकच असावं.

त्या रविवारचं तिकीट मी काढलंच नव्हतं. रेंडरच्या गडबडीत विसरलो होतो, हे खरं कारण. पण चहा घेताना मी म्हणालो, ''बाबा, तुम्हाला नाही कळायचं असं मी परवा म्हणालो...'' त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, ''तो फिल्टर दर पंधरा दिवसांनी धूत जा. मी जून लागल्यावर जातो.''

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते अकोल्याला गेले. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी फोन येतो. नातीची चौकशी होते, पावसाची होते आणि ठेवता ठेवता ठरलेला प्रश्न, ''जाळी पुसली का?'' पुसलेली नसली तरी मी हो म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर लगेच उठून पुसतो.

तेव्हा मंडळी, तुमच्याही टेबलाखाली असा एखादा चकचकीत लिक्विड कूल्ड प्राणी असेल, तर नवीन काही विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. मशीनवर भरपूर काम लावा आणि बाजूची काच दहा मिनिटं काढून ठेवा. आकडे धाडकन खाली आले, तर दुखणं पाण्याचं नाही, वाऱ्याचं आहे. पंख्याची दिशा कळत नसेल तर टिश्यू पेपरचा तुकडा समोर धरा. चिकटला तर हवा आत जातेय, उडाला तर बाहेर येतेय. आणि मग कॅबिनेटच्या मागे हात धरा. गरम हवा लागली तर निश्चिंत झोपा.

आणि घरात कुणी दुसऱ्यांदा 'हे तापलंय रे' म्हणालं, तर मान वर करून बघा.